राजवैद्याचा हात आणि तांबडी तलंग

दोष आचार्य पिंगलकाचा होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत कोणी कोंबडीला, तिच्या मालकिणीला किंवा नशिबाला बोल लावत बसणार नाही. पिंगलक म्हातारा होता, विद्वान होता, सगळे नगर त्याच्या पाया पडत असे, आणि चूक त्याचीच होती. म्हातारपणाने चूक लहान होत नाही. ती फक्त लोकांना दिसेनाशी होते.

ही हकीकत शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, नदीकाठच्या एका विहारात सांगितली. त्या विहारात उपसेल नावाचा एक तरुण भिक्खू होता. उपोसथाच्या, म्हणजे संघाने मिळून नियम म्हणायच्या, दिवशी सगळा संघ पाठाला बसला आणि हा आलाच नाही. वाटेत एक भिकारी आकडी येऊन पडला होता. त्याची मान मांडीवर धरून उपसेल ऊन उतरेपर्यंत रस्त्यात बसून राहिला. भद्दक नावाच्या थेराने, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूने, त्याला भर संघात झाडले. "संघाचा नियम मोठा की रस्त्यावरचा भिकारी?" असे विचारले आणि उत्तराची वाट पाहिली नाही. वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारायला आवडतात. उत्तरे आवडत नाहीत.

कोपऱ्यात बसलेली विपुला नावाची वृद्ध भिक्खुणी तेवढी म्हणाली, "भिकारी जगला का, ते तरी विचारा."

शास्ता म्हणाला, "भद्दक, हे तू आजच विचारतोस असं नाही. मागेही विचारलं होतंस." आणि त्याने गेलेल्या जन्मातली गोष्ट सांगायला घेतली.

फार पूर्वी मेखलपूर नगरात जितसेन नावाचा राजा गादीवर असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्माला आला. वयात आल्यावर तो राजवैद्य पिंगलकाचा शिष्य झाला. त्याची बोटे लांब आणि शांत होती. रोग्याच्या मनगटावर ती टेकली की रोगी बोलायचा थांबे. पिंगलकाला मूल नव्हते. आपल्यामागे राजवैद्य हाच, असे त्याने राजाला सांगून ठेवले होते.

त्या नगराची एक रीत होती. राजवैद्य ज्या उजव्या हाताने राजाची नाडी पाहणार, त्या हाताला अभिषेक होत असे. तोही पाण्याने होत नसे. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. तिने घातलेले पहिलेच अंडे फोडून त्याच्या पांढऱ्या बलकाने तो हात माखायचा. का? कोणालाच माहीत नव्हते. मोठ्यांनी सांगितले होते, त्यांना त्यांच्या मोठ्यांनी सांगितले होते. अभिषेकाच्या दिवशी पहाटे हात शुद्ध करून पांढऱ्या रेशमात गुंडाळायचा आणि तो पुढे राजाच्या मंडपातच उघडायचा. त्यानंतर त्या हाताने रक्ताला, मळाला, जनावराच्या अंगाला जन्मभर शिवायचे नाही. शिवला तर हात बाटला. बाटलेल्या हाताला राजाचे मनगट नाही.

बोधिसत्त्वाला रेशमाची हौस नव्हती. त्याला किल्ली हवी होती. राजवैद्याला राजाच्या औषधकोठाराची किल्ली मिळत असे. नगराच्या वेशीपाशी कुंभारवाडा होता. तिथल्या माणसांच्या छातीत भट्टीचा धूर आणि मातीची धूळ भरलेली असायची. चाळिशीतले गडी दोन वाक्ये बोलताना धापा टाकत. हात भाजलेली पोरे चिखल लावून फिरत. त्यांच्यासाठी कुंभारवाड्यातच दवाखाना काढायचा, असे बोधिसत्त्वाने ठरवले होते, आणि वाड्यानेही ते धरून ठेवले होते. कुंभारांनी औषधांसाठी झाकणाच्या बरण्या भाजून तयार केल्या होत्या. त्या गोमी कुंभारणीच्या परसात भिंतीला लावून रांगेत मांडल्या होत्या. सगळ्या रिकाम्या.

आता पिंगलकाने काय केले ते ऐका. अभिषेक खरे तर वसंतात व्हायचा. पण म्हाताऱ्याला तीर्थयात्रेला निघायचे होते आणि बरोबर जाणारा तांडा पौषातच निघणार होता. म्हणून त्याने ज्योतिषाला सांगून मुहूर्त अलीकडे ओढला. ज्योतिषी त्याचा मेहुणा. ग्रह काय, म्हणाल तिथे बसतात. पण कोंबड्या बसत नाहीत. पौषात दिवस लहान असतो आणि लहान दिवसांत कोवळी तलंग अंड्यावर येत नाही. तिच्या अंगाला उजेडाचे गणित कळते. उजेड वाढला की तिचे अंग म्हणते, आता. त्याआधी म्हणत नाही.

पिंगलकाला हे माहीत होते. माहीत नसते तर बरे झाले असते. त्याने कुंभारवाड्याला हुकूम पाठवला, की प्रत्येक खुराड्यात सांजेपासून पहाटेपर्यंत पणत्या जळत ठेवा, तलंगांना तिळाची पेंड आणि तूपभात भरवा. पणत्या कुंभारांच्याच, खुराडी त्यांचीच, कोंबड्याही त्यांच्याच. हुकूम तेवढा आचार्याचा. कशासाठी ते कोणी सांगितले नाही आणि बोधिसत्त्वाच्या तर कानावरही काही आले नाही. उजळलेली खुराडी दुरून पाहून त्याला वाटले होते, कुंभारांचा काही सण असेल.

सगळ्या वाड्यात एकच तलंग फसली. गोमीची तांबडी. अंगाने लहान, अजून हाडेही नीट न रुंदावलेली. पणत्यांना वसंत समजून तिने अभिषेकाच्या आदल्या दिवशी अंडे घातले. पेंडीवर पोसलेले ते अंडे एवढे मोठे होते, की पिंगलकाने ते दोन्ही हातांत धरून शिष्यांना दाखवले आणि म्हणाला, "शुभचिन्ह!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गोमी त्याच्या दारात उभी राहिली. कमरेवर बांबूचे डालगे, डालग्यावर ओले फडके. बोधिसत्त्व ओसरीवर बसला होता. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत रेशमात होता. पिंगलक मंडपाला निघायच्या तयारीत उपरणे सारखे करत होता.

"आचार्यबाबा, जरा बघता का? अंग बाहेर आलंय," गोमी म्हणाली.

"कोणाचं?"

"माझं आलं असतं तर मी इथवर चालत आले असते का? तलंगेचं. तुमच्या अंड्याच्या तलंगेचं."

पिंगलकाने उपरण्याची दुसरी बाजू सारखी केली. "कोंबडीसाठी राजवैद्याच्या दारात आलीस? मान मुरगाळ आणि रस्सा कर. आज शुभ दिवस आहे."

"रस्सा करायला वैद्य लागत नाही, बाबा. रस्सा मला येतो." गोमीचा आवाज चढला. "रात्रभर पणत्या लाव म्हणालात, लावल्या. पेंड चार म्हणालात, चारली. अजून वयात आली नव्हती ती. माणसाच्या पोरीला कोणी असं केलं असतं तर गावानं दगड मारले असते."

"कशाच्या पणत्या?" बोधिसत्त्वाने विचारले.

गोमीने त्याच्या रेशमी हाताकडे पाहिले. "तुझ्या या हाताच्या, लेकरा," ती म्हणाली.

बोधिसत्त्व उठला आणि डाव्या हाताने त्याने फडके बाजूला केले.

तांबडी एका कुशीवर कलंडली होती. शेपटीखाली जिथे आतला मार्ग बाहेर उघडतो तिथून तिचे आतले अंग बाहेर पडले होते. पिकल्या उंबराएवढे, लालभडक, ओले, चकाकणारे. खुराड्यातल्या दुसऱ्या कोंबड्यांनी त्यावर चोचा मारल्या होत्या. कोंबडीला लाल दिसले की ती टोचते, मग ते तिच्या बहिणीचे आतडे का असेना. त्या खुणांमधून रक्त झिरपत होते. तलंग ओरडत नव्हती. डोळे अर्धे मिटून ती मध्येच सगळे अंग आवळून कळ देत होती आणि प्रत्येक कळेला ते लाल आणखी थोडे बाहेर येत होते.

बोधिसत्त्वाने खाली वाकून ते नीट पाहिले. मग म्हणाला, "आचार्य, हे सुकलं की ती मरेल. दुपारनंतर काही करता येणार नाही."

"मग मरेल. मुहूर्त सूर्य माथ्यावर येताना आहे."

"दुसऱ्या कोणा शिष्याला सांगा."

"सगळे मंडपात आहेत. आणि कोंबडीच्या ढुंगणाला हात लावायला मी शिष्य शिकवलेले नाहीत." पिंगलक जवळ आला. आता तो खालच्या आवाजात बोलत होता, आणि जे बोलला ते अगदीच खोटे नव्हते. वडीलधाऱ्यांची पंचाईत हीच असते, की ते नेहमीच खोटे बोलत नाहीत. "पोरा, विचार कर. एका पारड्यात एक कोंबडी. दुसऱ्या पारड्यात तो सगळा खोकणारा वाडा. तूच रोज माझं डोकं खात होतास ना, दवाखाना, दवाखाना म्हणून? दया करायची तर मोठी कर. लहान दया मोठ्या दयेला खाते."

"डावा हात मोकळा आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "मुहूर्ताच्या आत येतो."

आणि तो गोमीबरोबर निघाला.

गोमीच्या परसात भट्टीला लागून एक छपरी होती. उबदार, अंधारी. बोधिसत्त्वाने तिथे पेंढा पसरून घेतला. कोमट पाणी मागितले, त्यात चिमूटभर मीठ. मध मागितला. तूप मागितले. गोमीने तांबडीला मांडीवर घेऊन तिचे पंख धरले आणि डोळ्यांवर पदर टाकला. अंधार झाल्यावर कोंबडी निवांत होते.

कुंपणावरून शेजारचा धुळा कुंभार डोकावला. रेशमी हात वर धरून कोंबडीच्या मागे बसलेला वैद्य पाहून त्याला राहवले नाही. "अरे या रे, बघा! राजवैद्य सुईण झाला!"

"तू गप रे," गोमी म्हणाली. "तुझ्या आईलाही सुईणच लागली होती. आणि तिचे कष्ट वायाच गेले."

कुंपणापलीकडे हशा झाला. हळूहळू माणसे जमू लागली.

बोधिसत्त्वाने डाव्या हाताने पाणी ओतून ते लाल अंग धुतले. माती गेली, वाळलेले रक्त गेले, चिकटलेले पीस सुटले. मग त्यावर मध पसरला. मध सुजेतले पाणी ओढून घेतो. थोड्या वेळाने ते उंबर आक्रसले, नरम झाले. मग त्याने तूप लावून डाव्या बोटांनी ते आत लोटायला सुरुवात केली. अर्धे गेले. तांबडीने कळ दिली. सगळे पुन्हा बाहेर. त्याने पुन्हा लोटले, पुन्हा बाहेर. तिसऱ्या वेळी त्याचा अंगठा घसरला आणि नख लागले. ताजे रक्त आले.

डावा हात आज्ञाधारक होता, पण आंधळा. जन्मभर त्याने फक्त वाटी धरली होती.

"आत काहीतरी आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "ती उगीच कळा देत नाही. दुसरं अंडं अडकलंय. ते निघाल्याशिवाय हे आत राहणार नाही, आणि या हाताला ते सापडत नाही."

त्याने उजव्या हाताकडे पाहिले. राजवाड्याच्या बाजूने नगाऱ्याचा पहिला ठोका ऐकू आला.

गोमी त्याची नजर पाहत होती. ती कठोर बाई होती, पण मूर्ख नव्हती. भिंतीला लावलेल्या बरण्या तिने स्वतः भाजल्या होत्या. तिचा नवरा त्याच छपरीत खोकत खोकत गेला होता.

"नको, लेकरा," ती म्हणाली. "राहू दे. मी रागानं आले होते. कोंबडी दुसरी येईल. तू जा. आम्हाला तो दवाखाना पाहिजे."

धुळाही आता हसत नव्हता. "जा, वैद्यबाबा. आमची काही तक्रार नाही. कोंबडी काय, आज आहे उद्या नाही."

आपल्याच भल्यासाठी ते त्याला जा म्हणत होते. यापेक्षा मोठी परवानगी कोणाला मिळते? बोधिसत्त्व उठून गेला असता तर एकाही माणसाने त्याला कधी बोल लावला नसता.

तो म्हणाला, "हिचं अंग माझ्या हातासाठी बाहेर आलंय. तो हात हिला लावायचा नाही, तर मग कोणाला लावायचा?"

त्याने रेशमाची गाठ दातांनी सोडली. कापड पेंढ्यावर पडले. मग त्याने उजवा हात तुपात बुडवला.

त्या हाताचे एक बोट आत गेले आणि लगेच थांबले. आत एक मऊ, ओलसर गोळा होता. कवच अजून धरलेच नव्हते, नुसता पातळ पडदा. बोधिसत्त्वाने डोळे मिटले. बोट गोळ्याच्या बाजूने, त्याच्या मागे, इतके हळू सरकवले की तांबडीला कळलेही नाही. तिची पुढची कळ येईपर्यंत तो थांबला. कळ आली तेव्हा त्याने ओढले नाही. ती ढकलत होती, त्याच जोराने त्याने गोळ्याला वाट दिली. पडदा फुटला. पिवळे आणि पांढरे त्याच्या तळव्यावरून, मनगटावरून, कोपरापर्यंत वाहिले. राहिलेला पडदा त्याने बोटाने शोधून अलगद काढून घेतला.

तांबडीने लांब श्वास सोडला. कुंपणापाशी उभ्या असलेल्या बायकांनीही सोडला.

आता ते अंग आत घालायचे राहिले होते. बोधिसत्त्वाने त्याकडे नीट पाहिले, आणि इथे तो थबकला.

त्याला जे दिसले ते रोज प्रत्येक कोंबडीत घडते. अंडे घालताना कोंबडी आपले आतले अंग क्षणभर बाहेर उलटते. पिशवी उलटावी तसे. त्यामुळे अंडे मळाच्या वाटेला न शिवता, स्वच्छ, थेट जगात येते. अंडे खाली टेकले की ती ते अंग परत आत घेते, पीस झटकते आणि दाणे टिपायला जाते. जगात किती परसांत, किती खुराड्यांत, रोज सकाळी हे होते, आणि कोणी बघत नाही. आपले सगळ्यात आतले, सगळ्यात नाजूक ते उन्हावाऱ्यात काढायचे, दुसऱ्या जिवाला वाट द्यायची, आणि पुन्हा मिटून घ्यायचे. एवढा भरवसा कोण ठेवतो? राजे ठेवत नाहीत. आचार्य तर नाहीतच. दोन पायांची, मूठभर अकलेची कोंबडी ठेवते. या पोरीचा भरवसा मोडला होता, कारण एका म्हाताऱ्याने तिला रात्रीच दिवस दाखवला होता.

 बोधिसत्त्वाने राजाची नाडी कधी पाहिली नव्हती, पण राजाच्या नाडीत याहून मोठे काही असेल असे त्याला वाटेना.

त्याने तीन बोटे जुळवली. मधोमध टेकवली. अंगाच्या घड्या जशा उलगडल्या होत्या तशाच उलट क्रमाने मिटवत, कडेपासून आत, कडेपासून आत, तो ते नेत गेला. लाल फिकट झाले. फिकट लहान झाले. मग दिसेनासे झाले. फक्त त्याचा तळवा उरला, तिच्या शेपटीखाली टेकलेला.

"झालं?" गोमीने कुजबुजत विचारले.

"नाही. हात काढला तर बाहेर येईल. तिच्या अंगाने ते धरलं पाहिजे. मी धरून उपयोग नाही."

मग तो तसाच बसला.

सूर्य चढत गेला. नगारे वाजले. शिंगे वाजली. एक सेवक धावत आला, पाहून धावतच परत गेला. मग पालखी आली. पिंगलक खाली उतरला. त्याला आधी पेंढ्यावरचे रेशीम दिसले आणि मग कोपरापर्यंत पिवळ्या बलकाने माखलेला तो हात. 

"मूर्खा! कोठारात केशर आहे, शिलाजित आहे, हिमालयातल्या मुळ्या आहेत! ते सगळं तू एका कोंबडीच्या ढुंगणावर उधळलंस!"

"आचार्य, हात काढला तर ते बाहेर येईल."

"अजूनही वेळ आहे. धू तो हात. गुंडाळ. मी कोणाला सांगणार नाही."

हे ऐकून गोमीने वर पाहिले. "बाबा, बाटलेला हात चालतो होय तुमच्या राजाला? नुसतं कोणाला कळायला नको?"

कुंपणावर कोणीतरी फिस्सकन हसले. पिंगलक तिच्याकडे वळला. "मी कोंबडी मारलेली नाही! मी मुहूर्त पाळला! वाडवडिलांनी घालून दिलेली रीत पाळली!"

"आचार्य, हळू बोला," बोधिसत्त्व म्हणाला. "ती दचकते."

एवढ्यात रस्त्यावर गडबड झाली. मंडपात वाट पाहून कंटाळलेला राजा जितसेन स्वतः चालत आला होता. कुंभार पटापट जमिनीवर वाकले. बोधिसत्त्व वाकला नाही. वाकता येत नव्हते.

राजा छपरीच्या तोंडाशी थांबला. अंधाराला डोळे सरावल्यावर त्याने विचारले, "काय धरलंयस?"

"हिचं आतलं अंग, महाराज."

"किती वेळ धरणार?"

"ती घेईपर्यंत."

राजाला हे उत्तर समजले नाही. पण त्याच्याशी आजवर कोणी इतके थोडे बोलले नव्हते. तो भट्टीच्या कट्ट्यावर बसला. राजा बसला म्हणून पिंगलक गप्प राहिला. पिंगलक गप्प राहिला म्हणून सगळे परस गप्प झाले. भट्टीतला विस्तव तेवढा मधून मधून तडतडत होता.

आणि मग ते झाले. बोधिसत्त्वाला तळव्याखाली आधी एक थरथर जाणवली, पाण्यात खडा पडल्यासारखी. मग ती गोल मिटत गेली. बाहेरून आत, बाहेरून आत. कळ नव्हे. कळ बाहेर ढकलते, हे आत बोलावत होते. त्याच्या बोटांवरचा भार हळूहळू कमी झाला आणि मग भारच राहिला नाही. आता तो तिला धरत नव्हता. तीच स्वतःला धरून होती.

त्याने हात अलगद उचलला.

शेपटीखाली एक लहानसे मिटलेले द्वार होते, ओले, किंचित सुजलेले. बाकी काही नाही. जणू ते लाल उंबर कधी नव्हतेच. तांबडीने पदराखालून डोके काढले, एक डोळा उघडला आणि राजाकडे पाहिले.

 धुळाने तोंडावर हात ठेवला होता. गोमीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते तिला पुसताही येत नव्हते, कारण दोन्ही हात पंखांवर होते. राजा कट्ट्यावरून उठला होता आणि का उठलो ते त्याला सांगता आले नसते. त्याने पायांतल्या पादुका काढल्या होत्या. पिंगलकानेही पाहिले. त्याचे तोंड उघडे राहिले, आणि क्षणभर तो खरोखरच वैद्य दिसला, कोणे एके काळी असेल तसा. मग त्याने मान फिरवली आणि पाहिलेले विसरायला सुरुवात केली. त्या कामात त्याचा हात कोणी धरू शकले नसते.

राजाने वाकून तांबडीकडे पाहिले. शेवटी म्हणाला, "वैद्या, असं मी जन्मात पाहिलं नाही."

"रोज होतं, महाराज."

राजाने मान हलवली. मग बोधिसत्त्वाच्या हाताकडे पाहिले. बलक सुकून त्यावर कवच धरत होते. राजाने आपले मनगट, नकळत, दुसऱ्या हाताने झाकून घेतले.

"पण हा हात," तो म्हणाला, "मला आता चालणार नाही. रीत आहे."

"आहे," बोधिसत्त्व म्हणाला.

राजाने पादुका घातल्या आणि तो निघून गेला. थोर प्रसंगाने माणूस बदलतो, असे म्हणतात. तसा तो थोडा बदलला असेल. रीत बदलण्याइतका बदलला नाही. त्याच संध्याकाळी मेहुण्याकडून नवा मुहूर्त काढून पिंगलकाने दुसऱ्या एका शिष्याच्या हाताला अभिषेक केला. अंडे तांबडीचेच होते. मग म्हातारा तीर्थयात्रेला गेला आणि पुण्य मिळवून परत आला.

बोधिसत्त्वाने तांबडीला डालग्याखाली अंधारात ठेवायला सांगितले. थोडेच खायला द्या, म्हणजे अंग अंड्याचा विचार सोडेल. अंग पुन्हा बाहेर आले तेव्हा त्याने पुन्हा आत घातले, आणि पुन्हा तसाच बसून राहिला. पुढे ते आले नाही. गोमीने सगळ्या वाड्यातल्या खुराड्यांतून पणत्या उचलून आणल्या आणि कोणाला न विचारता भट्टीच्या राखेत फोडून टाकल्या. खरा वसंत आला तेव्हा तांबडी परसात माती उकरत होती. अंडे मात्र तिने पुन्हा कधी घातले नाही. गोमीने तिला त्यावरून कधी बोलून दाखवले नाही, आणि रस्साही केला नाही.

इथवर सांगून शास्ता थांबला.  मग तो म्हणाला, "तेव्हाचा पिंगलक आज इथे बसलेला थेर भद्दक आहे. गोमी कुंभारीण म्हणजे भिक्खुणी विपुला. राजा जितसेन आज या विहाराला धान्य देणारा गृहस्थ आहे. तो अजूनही दारातून पाहतो आणि निघून जातो. ती तांबडी तलंग म्हणजे हा उपसेल. दुसऱ्याने धरून ठेवल्यावर अंग कसं परत आत येतं, हे त्याने स्वतः भोगलेलं आहे, म्हणून भिकाऱ्याची मान सोडून तो पाठाला येऊ शकला नाही. आणि तो वैद्य मीच होतो."

भद्दकाने मान खाली घातली की नुसतेच चीवर सारखे केले, हे कोणाला नीट दिसले नाही.

या गुणाचे नाव करुणा. मोठी करुणा आणि लहान करुणा असे तिचे दोन ढीग नसतात. समोर जे मरते आहे त्यावर हात ठेवायचा आणि ते आपले आपण धरेपर्यंत काढायचा नाही, एवढेच तिचे काम.

त्यापायी बोधिसत्त्वाचे राजवैद्यपद गेले, मेखलपुरातल्या कोणत्याही मोठ्या घराने त्याला पुन्हा नाडी दाखवली नाही, आणि कुंभारवाड्यात दवाखाना झाला नाही.